समीकरण सुटतं, पण मांडता येत नाही: बीजगणितातला पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारा दोष

लक्षण असं असतं. "३क्ष + ७ = २२ सोडव" म्हटलं की मूल अर्ध्या मिनिटात क्ष = ५ लिहून मोकळं होतं. त्याच मुलाला "आज वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी ते दुप्पट होईल, तर दोघांची आजची वयं काढा" असं उदाहरण दिलं की पेन थांबतं. वहीत 'समजा' एवढंच लिहिलेलं असतं, पुढे कोरं. आठवीत एकचल समीकरणांच्या वेळी हे पहिल्यांदा दिसतं आणि ठरावीक उदाहरणं पाठ करून निभावलं जातं. दहावीच्या गणित भाग १ मध्ये दोन चलांतली रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणं आली की ते पुन्हा उफाळतं. अकरावीत भौतिकशास्त्राची सूत्रं उलटसुलट करायची वेळ आली की परत तेच.

दरवेळी उपाय एकच केला जातो: आणखी सराव. पण तो असतो तयार समीकरण सोडवण्याचा, आणि ते तर मुलाला आधीच येत असतं. मी शिकवताना जे पाहत आलोय त्यावरून माझं ठाम मत झालंय की अडचण बुद्धीची नसते आणि बहुतेक वेळा भाषेचीही नसते. 'क्ष ही एक संख्या आहे' आणि '= म्हणजे दोन्ही बाजूंना तेवढंच आहे' ही दोन वाक्यं मुलानं ऐकलेली असतात, पण त्याच्या हाताला त्यांची सवय नसते. बाकीच्या बऱ्याच चुका यातूनच फुटतात.

आधी दोष कुठे आहे ते बघा

तीन छोटे प्रश्न द्या. वेळ लावू नका, गुण देऊ नका, फक्त मूल काय लिहितं ते बघा.

पहिला: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय येईल? १२ लिहिलं तर दोष बरोबरच्या चिन्हात आहे. (उत्तर ७.)

दुसरा: एका शाळेत दर शिक्षकामागे ३० विद्यार्थी आहेत. शिक्षकांची संख्या श, विद्यार्थ्यांची संख्या व. समीकरण लिही. ३०व = श असं आलं तर दोष अक्षराच्या अर्थात आहे. ही चूक हुशार मुलंही करतात, चांगली मोठी माणसंही करतात, त्यामुळे ती आली म्हणून घाबरून जाऊ नका.

तिसरा: २क्ष + ५ आणि २क्ष + ५ = ११ यांत काय फरक आहे? पहिल्याचंही 'उत्तर' काढायला मूल धावलं, मनानंच = ० जोडून क्ष = −५/२ लिहू लागलं, तर राशी आणि समीकरण यांची त्याच्या डोक्यात सरमिसळ झालेली आहे. राशीला किंमत असते, आणि क्ष बदलला की तीही बदलते. समीकरण म्हणजे दोन राशींबद्दलचं विधान. ते क्ष च्या काही किमतींना खरं ठरतं, बाकीच्यांना खोटं. 'सोडव' म्हणजे 'हे विधान कोणत्या किमतीला खरं आहे ते शोध'.

बरोबरच्या चिन्हाचा दोष

हा प्राथमिक शाळेपासून चालत आलेला असतो. ३ × ४ = १२ + ५ = १७ − २ = १५ असं एका ओळीत लिहायची सवय तुम्ही पाहिली असेल. तिथे = चा अर्थ 'आता उत्तर येतंय' एवढाच असतो. अंकगणितात हे खपून जातं, पण बीजगणितात ३क्ष + १२ = २(क्ष + १२) असं दिसलं की या मुलाला उजवीकडे उत्तर सापडत नाही आणि तो अडतो.

उपाय साधा आहे, पण नेटानं करावा लागतो. एका ओळीत एकच = लिहायचं आणि पुढची पायरी खालच्या ओळीत घ्यायची. आणि काही आठवडे 'पक्षांतर' हा शब्द वहीतून पूर्ण बंद. 'तिकडे गेलं की चिन्ह बदलतं' हा मंत्र पाठ असलेली मुलं ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ लिहितात, कारण मंत्रात बेरीज आणि गुणाकार असा भेदच नाही. तीच मुलं −३क्ष = १२ वरून क्ष = ४ काढतात, कारण ३ पलीकडे नेताना त्याचं ऋण चिन्ह वाटेत बदललं. त्याऐवजी "दोन्ही बाजूंतून ७ वजा", "दोन्ही बाजूंना −३ ने भागून" असं प्रत्येक ओळीपुढे शब्दांत लिहायला लावा. वेळ जातो, पण चिन्हांच्या चुका झपाट्यानं कमी होतात.

आपल्याकडच्या जुन्या मांडणीत हे फार सुंदर दिसतं. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणत, थोडक्यात 'या', आणि नुसत्या संख्येला रूप, थोडक्यात 'रू'. दोन पक्ष, म्हणजे समीकरणाच्या दोन बाजू, एकाखाली एक लिहायचे, जे पद नसेल तिथे शून्य. ३क्ष + ७ = २२ हे असं दिसेल:

या ३ रू ७
या ० रू २२

वरच्या 'या' मधून खालचा 'या' वजा करायचा, खालच्या 'रू' मधून वरचा 'रू' वजा करायचा, आणि मग भागायचं: १५ भागिले ३. इथे कोणी कुठे उडी मारत नाही, नुसती वजाबाकी आहे. ज्या मुलाची पदं सारखी हरवतात त्याला काही दिवस याच पद्धतीनं, एकाखाली एक आणि शून्यासकट, लिहायला लावा. (= हे आडव्या दोन रेघांचं चिन्ह बरंच नंतरचं, रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली वापरलेलं.)

अक्षर म्हणजे वस्तू नव्हे

'आंब्यासाठी अ, केळ्यासाठी क' असं शिकवणं सोपं वाटतं, आणि पुढची बरीच गडबड इथेच सुरू होते. पुढचं उदाहरण घ्या: वह्या आणि पेनं मिळून २० नग घेतले. वही ४० रुपयांना, पेन १० रुपयांना. एकूण ५६० रुपये झाले. वह्या किती, पेनं किती?

अनेक वह्यांत मला हे दिसतं: 'समजा वही = व आणि पेन = प'. त्यानंतर व + प = ५६०. मग थोडा वेळ खाडाखोड आणि ४०व + १०प = २०. दोन्ही समीकरणं सुबक आहेत आणि दोन्ही चुकलेली आहेत. 'वही = व' मध्ये व म्हणजे वह्यांची संख्या, एका वहीची किंमत, की वह्यांना लागलेले एकूण पैसे, हे ठरलेलंच नाही. मग ते प्रत्येक ओळीत सोयीप्रमाणे बदलत राहतं.

म्हणून 'समजा' च्या ओळीला माझा कडक नियम आहे: तीत 'संख्या', 'रुपये', 'वर्षे', 'किलोमीटर' यांपैकी एखादा मोजमापाचा शब्द आलाच पाहिजे. 'समजा वह्यांची संख्या व आणि पेनांची संख्या प.' वयाच्या उदाहरणात 'समजा मुलाचं आजचं वय क्ष वर्षे'. यातला 'आजचं' हा शब्द सोडला तर पुढे हमखास घोटाळा.

मग प्रत्येक पदाखाली त्याचं एकक पेन्सिलीनं लिहायचं. व + प = २०: नग, नग, नग. जमलं. ४०व + १०प = ५६०: रुपये, रुपये, रुपये. जमलं. चुकलेल्या व + प = ५६० खाली नग, नग, रुपये आलं की मूल स्वतःच थबकतं, शिक्षकाला काही सांगावं लागत नाही. पुढचं सोपं आहे. दुसऱ्याला १० ने भागलं की ४व + प = ५६, त्यातून पहिलं वजा केलं की ३व = ३६, म्हणून व = १२ आणि प = ८.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणातही हाच दोष वेगळ्या वेषात येतो. दशकस्थानी क्ष, एककस्थानी य, म्हणून संख्या 'क्षय' असं मुलं लिहितात. बीजगणितात शेजारी शेजारी लिहिलं की गुणाकार होतो. संख्या १०क्ष + य आहे. अंकांची बेरीज ९ आणि अदलाबदल केल्यावर संख्या २७ ने वाढते असं दिलं, तर १०य + क्ष = १०क्ष + य + २७, म्हणजे य − क्ष = ३, आणि संख्या ३६.

मांडणी कशी सुचवायची: एक अंदाज घ्या आणि तो तपासा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देतो, आणि तुम्हीही द्यावा असं मला मनापासून वाटतं. मुलाला समीकरण सुचत नाही, पण 'उत्तर १० आहे का ते तपास' म्हटलं तर ते तपासता येतं. मग तेच करायचं.

वडील-मुलाचं उदाहरण घेऊ. अंदाज: मुलगा १० वर्षांचा. आता तपासा, पण एक अट: हिशेब पूर्ण करायचा नाही, क्रिया तशाच लिहून ठेवायच्या.

मुलाचं आजचं वय: १०
वडिलांचं आजचं वय: ३ × १०
१२ वर्षांनी मुलगा: १० + १२
१२ वर्षांनी वडील: ३ × १० + १२
वडील दुप्पट झाले का: ३ × १० + १२ आणि २ × (१० + १२) सारखे आहेत का?

४२ आणि ४४. नाहीत. अंदाज चुकला, पण काम झालं. आता जिथे जिथे १० आहे तिथे क्ष लिहा आणि 'सारखे आहेत का' च्या जागी = ठेवा: ३क्ष + १२ = २(क्ष + १२). क्ष = १२. मुलगा १२ वर्षांचा, वडील ३६. बारा वर्षांनी २४ आणि ४८, दुप्पट.

'हिशेब पूर्ण करायचा नाही' ही अट मोडली की पद्धत निकामी होते. ३ × १० च्या जागी ३० लिहून टाकलं तर त्यातला १० कुठे गेला ते मुलाला दिसत नाही, आणि क्ष कुठे ठेवायचा हे कळत नाही.

या पद्धतीचा दुसरा फायदा कंसाचा. थेट मांडणी करणारी मुलं ३क्ष + १२ = २क्ष असं लिहितात (मुलाची १२ वर्षं विसरली), किंवा ३क्ष + १२ = २क्ष + १२ (कंस सुटला). पहिल्यात क्ष = −१२ येतो, दुसऱ्यात ०. शून्य वर्षांचा मुलगा आणि शून्य वर्षांचे वडील! अंदाज घेऊन तपासताना मूल आधी १० + १२ ची जोडी करतं आणि मग तिची दुप्पट, त्यामुळे कंस आपोआप येतो.

अंदाज घ्यायची कल्पना नवीन नाही. भास्कराचार्यांच्याच लीलावती या ग्रंथात 'इष्टकर्म' आहे: मनाला येईल ती संख्या घ्या, सांगितलेल्या क्रिया करा, आणि आलेल्या व दिलेल्या उत्तराच्या प्रमाणात ती संख्या दुरुस्त करा. तिथे अंदाजावरूनच उत्तर काढतात. आपण त्याच अंदाजावरून समीकरणाचा साचा उचलतोय.

सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. 'एका संख्येपेक्षा ५ ने कमी' हे मराठीत संख्या आधी आणि ५ नंतर असं येतं, त्यामुळे क्ष − ५ लिहिणं ओघानं होतं. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' मध्ये ५ आधी येतं आणि मुलं ५ − क्ष लिहून बसतात. अशा मुलांना उदाहरण वाचल्यावर ते आधी मराठीत सांगायला लावा, मग लिहायला. पेपर इंग्रजीत असला तरी विचार कुठल्याही भाषेत करायला हरकत नाही.

समीकरण कोणत्या जातीचं आहे

मांडणी जमू लागली की दुसरी तक्रार येते: 'मांडलं बरोबर, पण उत्तर विचित्र आलं.' बहुतेक वेळा समीकरणाचा प्रकार न ओळखताच हात चालू केलेला असतो.

२(क्ष + ३) = २क्ष + ६ सोडवताना शेवटी ० = ० उरतं आणि मूल 'क्ष = ०' लिहितं. तसं नाही. ही नित्य समानता आहे, क्ष ची कोणतीही किंमत चालते. २(क्ष + ३) = २क्ष + ५ मध्ये ६ = ५ उरतं. इथे उकलच नाही, आणि 'उकल नाही' हे पूर्ण उत्तर आहे. दोन चलांचं एकच समीकरण, जसं क्ष + य = २०, याला अगणित उकली असतात. नेमकी जोडी हवी तर दुसरं स्वतंत्र समीकरण लागतं. २क्ष + २य = ४० हे दुसरं म्हणून चालत नाही, ते पहिल्याचंच दुप्पट रूप आहे.

प्रकार दिसण्यावरून ठरवू नका, सरळ रूप दिल्यावर ठरवा. (क्ष + २)² = क्ष² + १६ मध्ये वर्ग दिसतो, पण विस्तार केल्यावर क्ष² दोन्हीकडून जातो, ४क्ष + ४ = १६ उरतं आणि क्ष = ३. उलट क्ष + ६/क्ष = ५ मध्ये वर्ग दिसत नाही, पण क्ष ने गुणलं की क्ष² − ५क्ष + ६ = ० हे वर्गसमीकरण निघतं. मुळं २ आणि ३.

तीन ठिकाणी उत्तर हरवतं किंवा नको ते येतं. क्ष² = ५क्ष मध्ये दोन्हीकडून क्ष उडवला तर क्ष = ५ मिळतो आणि क्ष = ० हे दुसरं मूळ गायब होतं. चलानं भागायचं नाही; सगळं एका बाजूला घेऊन क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडायचे. वर्गमूळ असलेल्या √(क्ष + ६) = क्ष मध्ये दोन्ही बाजूंचा वर्ग केला की ३ आणि −२ मिळतात, पण −२ ठेवून पाहिलं तर डावीकडे २ येतो आणि उजवीकडे −२, म्हणून ते उत्तर टाकायचं. आणि क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) मध्ये क्ष = ३ असं दिसतं, पण तीच किंमत छेदाला शून्य करते. उकल नाही. यांपैकी एकही चूक हिशेबाची नाही, म्हणून हिशेब कितीदा तपासला तरी ती सापडत नाही. मिळालेली किंमत मूळ समीकरणातच ठेवून बघावी लागते.

सूत्र तयार करताना

काड्यापेटीच्या काड्या घ्या आणि एका ओळीत चिकटून चौकोन करा. एका चौकोनाला ४ काड्या, दोनाला ७, तिनाला १०. न चौकोनांना किती? घाईत ४न येतं, पण दोन चौकोनांना ८ काड्या लागत नाहीत. मधली काडी सामायिक आहे.

मुलांना सूत्र सांगू नका, काड्या ठेवताना हात काय करतो ते बोलायला लावा. एक म्हणेल, "पहिली उभी काडी ठेवली, मग प्रत्येक चौकोनाला तीन": १ + ३न. दुसरी म्हणेल, "पहिला पूर्ण चौकोन चारचा, उरलेले तीन-तीनचे": ४ + ३(न − १). तिसरा, "सगळे चार-चारचे धरले आणि मधल्या दुहेरी काड्या काढल्या": ४न − (न − १). तिघंही बरोबर. विस्तार केला की सगळी ३न + १ वर येतात, आणि नित्य समानता म्हणजे काय हे त्यांना हातातल्या काड्यांत दिसतं. नुसत्या ४, ७, १० या आकड्यांवरून '३ ने वाढतंय' एवढंच पाहणारी मुलं न + ३ लिहितात. न = १० ठेवून बघा म्हणावं: दहा चौकोनांना तेरा काड्या पुरतील का?

सूत्राला हद्दही असते. समजा रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०. अंतर क किलोमीटर असेल तर भाडं ३० + २०(क − १.५). मुलं सर्रास ३० + २०क लिहितात, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे दोनदा. आणि बरोबर सूत्रातही क = १ ठेवलं तर २० रुपये येतात, जे किमान भाड्यापेक्षा कमी. म्हणून सूत्राशेजारी 'क १.५ किंवा त्याहून जास्त असताना' हे लिहिलंच पाहिजे.

सूत्र उलटं करताना तापमानाचं उदाहरण मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण उत्तर आधीच माहीत असतं. फॅ = (९/५)से + ३२ (फॅ म्हणजे फॅरनहाइटमधलं तापमान, से म्हणजे सेल्सिअसमधलं). यावरून से काढा म्हटलं की निम्म्या वह्यांत से = (५/९)फॅ − ३२ असतं. पाणी फॅरनहाइटमध्ये २१२ अंशांना उकळतं, तेच ठेवून बघा: सुमारे ८५.८. सेल्सिअसमध्ये तर ते १०० अंशांना उकळतं. शेवटी मिळवलेले ३२ आधी काढायचे होते, मग ५/९ ने गुणायचं: से = (५/९)(फॅ − ३२). याच सूत्राला 'दोन्ही तापमापकांवर एकच आकडा कधी दिसेल' अशी अट घातली, म्हणजे फॅ = से, तर सूत्राचं एकचल समीकरण होतं आणि उत्तर −४० येतं. सूत्र आणि समीकरण यांचं नातं इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं शालेय उदाहरण मला माहीत नाही.

सरळव्याजात चूक बहुधा एककाची असते. दर साल दर शेकडा दराला मुदत वर्षांतच हवी. ९ महिने असतील तर ९/१२.

एवढं करूनही अडत असेल तर

आधी सराव कसला चाललाय ते बघा. दहा शाब्दिक उदाहरणं घ्या आणि फक्त 'समजा' ची ओळ, एककं आणि समीकरण एवढंच लिहा. सोडवायचं नाही. मुलांना हे विचित्र वाटतं, पण ज्या भागात अडतंय त्याच भागाला पूर्ण वेळ मिळतो. पडताळा घेताना किंमत स्वतः मांडलेल्या समीकरणात ठेवून समाधान मानू नका. मांडणीच चुकली असेल तर चुकलेलं उत्तरही तिथे बरोबर बसतं. पडताळा उदाहरणातल्या वाक्यांशी घ्यायचा: वडील आज तिप्पट आहेत का, बारा वर्षांनी दुप्पट होतात का.

आणि मांडणी बरोबर येऊनही उत्तर सारखं चुकत असेल, तर बीजगणित सोडा आणि −७ − ५ किती, २/३ + १/४ किती, −३ × −४ किती हे विचारा. इथे अडखळलं तर दोष सहावी-सातवीच्या पूर्णांकांत आणि अपूर्णांकांत आहे. ती पुस्तकं काढून आधी तेवढीच प्रकरणं पक्की करा. दहावीच्या मुलाला सातवीचं पुस्तक देताना संकोच वाटतो, पण माझ्या अनुभवात मुलांना त्यात कमीपणा वाटत नाही, कारण नेमकं काय येत नव्हतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलेलं असतं.